हिशेबच काढून टाकणार असाल, तर पदवीचे नावही बदला : महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सदस्य,
मा. प्राचार्य,
संगणक विभागाच्या अभ्यास मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात, परीक्षा आटोपून मुले घरोघरी पांगल्यावर, आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर एक पानी सूचना लागली. 'कॉम्प्युटिंग अँड बिझनेस इन्फर्मेशन सिस्टम्स' या पदवीतून आर्थिक लेखांकन, कॉस्टिंग (वस्तू किंवा सेवेचा खर्च काढणे), सिस्टम्स ॲनालिसिस (कामाची पद्धत समजून घेऊन प्रणाली आखणे) आणि माहिती प्रणालींचे ऑडिट हे चार विषय येत्या वर्षापासून बंद होणार. त्यांच्या जागी एका खासगी प्रशिक्षण कंपनीमार्फत एआय आणि डेटा सायन्सचे विषय येणार, त्यांची फी वेगळी. कारण एका ओळीत उरकले आहे : 'नवीन शैक्षणिक धोरण व उद्योगक्षेत्राच्या गरजा लक्षात घेऊन.' दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने त्या कागदाचा फोटो मला पाठवला. तिलाही तो कागद दिसला, कारण ती लायब्ररीचे पुस्तक परत करायला गेली होती.

पत्र आपल्या नावे आहे. पण बारावीचा निकाल हातात घेऊन प्रवेशाच्या खिडकीपाशी येणाऱ्या आई-वडिलांनीही ते वाचावे, म्हणून खुले ठेवले आहे.

मी याच पदवीची माजी विद्यार्थिनी, २०१८ ते २०२१ या काळातली. घर डिचोली तालुक्यात. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या आणि आमच्या वाड्यावरचे ट्रक अंगणात उभे राहिले. त्यांतला एक बाबांचा. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. अशा घरातली मुलगी पदवी निवडते तेव्हा ती आवडीनिवडीपेक्षा जास्त एकच गोष्ट बघते : तीन वर्षांनी काम मिळेल का? बाबा ट्रिपांची वही ठेवायचे, काट्याची पावती, डिझेल, टायर, हप्ता सगळे ओळीने लिहिलेले. माहितीपत्रक वाचून ते म्हणाले, यात संगणकही आहे आणि हिशेबही आहे, एक नाही चालले तर दुसरे चालेल. प्रत्यक्षात काम मिळाले ते दोन्ही येत होते म्हणून. आज मी पर्वरीच्या एका छोट्या कंपनीत आहे. गोव्यातली हॉटेले आणि औषधांचे घाऊक विक्रेते यांना बिलिंग आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर बसवून देणे आणि ते बिघडले की रात्री-अपरात्री फोन उचलणे, हे माझे काम.

उद्योगक्षेत्राच्या गरजांचा उल्लेख सूचनेत आहेच, तर त्या गरजा कशा दिसतात ते एका प्रसंगातून सांगते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेलच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या दिवशी घटस्थापना होती. आदल्या रात्री आम्ही सगळे ऑफिसात. आमच्या एका सहकाऱ्याने, जो कोड लिहिण्यात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, एका ओळीत काम संपवले : तारीख २२ किंवा पुढची असेल तर ५, नाहीतर १२.

त्या एका ओळीत काय काय राहिले ते पाहा. हॉटेलची तारीख रात्री बाराला बदलत नाही. रिसेप्शनवरचा माणूस दोन-तीन वाजता 'नाईट ऑडिट' करतो, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करतो, तेव्हा बदलते. म्हणजे साडेबाराला आलेला पाहुणा कॅलेंडरप्रमाणे २२ चा आणि हॉटेलच्या सिस्टममध्ये २१ चा. त्यात एकाने ऑगस्टमध्येच ऑनलाइन पैसे भरलेले, दुसरा जाताना भरणार. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४ म्हणते की सेवा, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी दर बदलण्याच्या ज्या बाजूला पडतील, दर त्या बाजूचा. म्हणून २० तारखेच्या रात्रीसाठी, शेजारशेजारच्या दोन खोल्या, भाडे तेच, बिल दोघांचेही २३ ला, तरी आगाऊ पैसे भरलेल्याला जुना दर आणि जाताना भरणाऱ्याला नवा. शिवाय ५ टक्क्यांबरोबर इनपुट क्रेडिट गेले. साबण, लाँड्री, एसीची दुरुस्ती यांच्या बिलांवरचा कर तोवर वळता व्हायचा, तो आता हॉटेलच्या खर्चात जाऊन बसला. खरेदीच्या नोंदीही बदलणे आले आणि खोलीमागचा खर्च नव्याने मांडणे आले.

सहकाऱ्याचा दोष नाही. त्याच्या पदवीत लेखांकन नव्हते. माझ्या पदवीत होते, म्हणून प्रश्न मला सुचले आणि उत्तरे आमच्या सीएंना विचारून घेता आली. कोड पुन्हा त्यानेच लिहिला. आमच्यासारख्या ऑफिसात काम असेच चालते, आणि अशी ऑफिसे गोव्यात पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा सगळीकडे आहेत. बंगळुरूला जाऊन मोठ्या कंपनीत बसणारी मुले आपल्या माहितीपत्रकावर झळकतात, छान आहे. बाकीची इथेच राहतात. त्यांना नोकरी देणारा हॉटेलवाला, औषधवाला, बोटवाला किंवा पतसंस्थेचा चेअरमन न्यूरल नेटवर्क विचारत नाही. तो विचारतो, माझा स्टॉक का जुळत नाही?

आणि स्टॉक न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा कोडमध्ये नसतेच. औषधांची खरेदी बॉक्समध्ये, विक्री स्ट्रिपमध्ये, डॉक्टरची चिठ्ठी गोळ्यांत. त्यात जो माल आधी आला तो आधी विकायचा, हा किराणा दुकानाचा नियम औषधांना लावला तर घात होतो. तिथे ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढावा लागतो. हे मी कुठल्याही संगणकाच्या पुस्तकात वाचले नाही. दुसऱ्या वर्षाला आमच्या लेखांकनाच्या मॅडमनी म्हापशातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून बिलांनी भरलेला चपलांचा खोका आणला होता. चहाचे डाग पडलेली, कुठे मराठीत, कुठे रोमी लिपीतल्या कोंकणीत लिहिलेली बिले. एका बिलावर 'खिळे ५ किलो', दुसऱ्यावर 'खिळे १ पाकीट', तिसऱ्यावर नुसतेच 'खिळे ४०'. बरेच दिवस मॅडमनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. आधी माल कुठून येतो, कागद कुणाच्या हातातून कुणाकडे जातो, पैसे कधी येतात, हे कागदावर काढा, मग टेबले बनवा. डेटाबेसमधले नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा येणार नाही अशी टेबले मांडणे, मला त्या खोक्यामुळे समजले. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० साली मांडलेली गोष्ट म्हापशाच्या खिळ्यांवर शिकवणारी शिक्षिका आपल्याकडे होती!

त्या मॅडम पुढच्या वर्षी गेल्या. लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर होत्या. सुटीच्या महिन्यांत पैसे नाहीत, पुढच्या टर्मला पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही. मग त्यांनी बँकेची नोकरी धरली, आणि धरू नये तर काय करावे? त्यानंतर हा विषय कधी वाणिज्य विभागातून उसना मिळालेल्या सरांनी शिकवला, कधी टर्म अर्धी सरल्यावर आलेल्या नवख्या मुलीने. आता मुले या विषयांना कंटाळतात आणि निकाल कमी लागतो, असे विभागातून सांगितले जाते म्हणे. शिक्षक टिकू द्यायचा नाही आणि खापर विषयावर फोडायचे, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार लॅबची. आमच्या वेळी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर परवाना न घेता, एज्युकेशनल मोडमध्ये चालायचे, आणि विद्यार्थी सांगतात की अजूनही तसेच चालते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : या मोडमध्ये महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी करता येतात. आमच्या लॅबमधल्या कंपन्या महिन्यातून तीन दिवस धंदा करायच्या आणि ज्या महिन्याला ३१ तारीख नाही त्यात दोनच. हसून घ्या, आम्हीही हसायचो. पण उधारीचे दिवस मोजणे, तारखेनुसार व्याज लावणे, बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घालणे, हे तीन तारखांच्या महिन्यात शिकता येत नाही. परवान्याचे पैसे नाहीत हे कारण त्या वेळी ऐकले होते. नव्या कंपनीसाठी दालन सजवायला, काचेचे दार आणि मोठा पडदा बसवायला पैसे आहेत, हे आता दिसते आहे.

इंटर्नशिपबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट आहेत. आपल्याकडे ती मामाच्या दुकानाच्या शिक्क्यावर पुरी होते. कुणी शिक्षक जाऊन बघत नाही, दुकानदार काय शिकवले ते लिहीत नाही. वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्या मुलीने रोज कदंबच्या बसने पणजी गाठून खरी इंटर्नशिप केली काय आणि शिक्का आणला काय, गुण सारखेच.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. आपण जे धोरण पुढे करता, ते नेमके उलटे सांगते. गोव्यात पदवीला हे धोरण २०२३-२४ पासून आले. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर म्हणजे दुय्यम विषय, शिवाय वेगळ्या विद्याशाखेचे विषय सक्तीचे. म्हणजे एका विषयाच्या विहिरीत मुलांना ढकलू नका, असेच ते धोरण म्हणते. आपल्या पदवीची रचना या धोरणाच्या कितीतरी आधीपासून दोन शाखांची होती. त्या धोरणाचे नाव घेऊन तिची एक शाखा छाटणे मला समजलेले नाही. सूचना लिहिणाऱ्याने आराखडा वाचला आहे ना, एवढेच विचारते.

आपले महाविद्यालय स्वायत्त आहे, अभ्यासक्रम स्वतः ठरवते, तेव्हा 'वरून आदेश आला' ही सबब इथे चालणार नाही. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्रातला एक प्रतिनिधी आणि एक माजी विद्यार्थी असावा, हा यूजीसीचा नियम आहे. हा निर्णय झाला त्या बैठकीला ते दोघे हजर होते का? बोलले काय? आणि उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी म्हणून जर त्याच प्रशिक्षण कंपनीचा माणूस बसला असेल, तर ते आम्हाला आजच कळू द्या. मी आरोप करत नाही. इतिवृत्त कुठेच प्रसिद्ध नाही, म्हणून विचारावे लागते.

चार विषयांतला ऑडिटचा विषय सर्वांत नीरस, असे आम्हालाही वाटायचे. त्याच विषयात ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे प्रकरण आम्ही पहिल्यांदा ऐकले. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. प्रणालीत दोष होते, शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसायला लागली. शाखा चालवणारी साधी माणसे सांगत राहिली की आम्ही पैसे घेतले नाहीत. उत्तर एकच मिळे : संगणक चुकत नाही. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घर विकून न झालेली तूट भरली. फुजित्सूची बाहेर बसलेली माणसे शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होती, हे बरीच वर्षे नाकारले गेले. शेवटी २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे एडिट लॉग, सक्तीची झाली आहे. कोणती नोंद कधी बदलली ते त्यात राहते, आणि तो लॉग बंद करता येऊ नये असा नियम आहे. मला दर काही महिन्यांनी एखादा ग्राहक फोन करून हळू आवाजात विचारतो, मॅडम, ते लॉगचे काही करता येईल का? नाही, असे सांगायला लागते, आणि का नाही हे त्याला पटवूनही द्यावे लागते. दोन्ही गोष्टी मी आपल्याच वर्गात शिकले. आता येणाऱ्या मुलांना कुठे शिकवणार?

एआयला माझा विरोध आहे असे कृपा करून म्हणू नका. आमच्या ऑफिसात आम्ही ती साधने रोज वापरतो. ती कोड भराभर लिहून देतात, आणि आमच्या सहकाऱ्याची ती एक ओळ त्यांनीही तशीच लिहून दिली असती. नाईट ऑडिटचे आणि आगाऊ पैशांचे काय, हे विचारणारा माणूस लागतो. मुलांना एआय जरूर शिकवा, ऐच्छिक ठेवा, मेजरमध्ये घाला, पण आपल्या शिक्षकांकडून शिकवा. बाहेरच्या कंपनीच्या प्रमाणपत्रासाठी वेगळी फी घेऊन नको. गोव्यात ज्या घरांतून मुले या पदवीला येतात, त्या घरांना ही वेगळी फी म्हणजे चवथीच्या खर्चाएवढा खड्डा आहे.

आणि जी मुले आज दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांचे काय? प्रवेश घेताना त्यांना एक अभ्यासक्रम दाखवला, मधेच दुसरा देणार. गुणपत्रिकेवर नाव मात्र तेच, 'बिझनेस इन्फर्मेशन सिस्टम्स'. मुलाखतीत कुणी साधा ताळेबंद पुढे ठेवला आणि त्या मुलाला तो वाचता आला नाही, तर नामुष्की त्याची होईल, आपली नाही.

आमच्या, म्हणजे काही विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थ्यांच्या, मागण्या अशा :

हा बदल एक वर्ष स्थगित ठेवावा, आणि सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळचाच अभ्यासक्रम शेवटपर्यंत मिळेल असे लेखी द्यावे.

लेखांकन, सिस्टम्स ॲनालिसिस आणि ऑडिट हे तीन विषय सक्तीचे राहावेत. कॉस्टिंगबद्दल चर्चेची तयारी आहे, तो ऐच्छिक झाला तर आमची हरकत नाही, पण हॉटेलच्या खोलीचे आणि औषधाच्या बॅचचे उदाहरण घेऊन शिकवला तर मुले स्वतःहून घेतील. तसे शिकवायला आमच्यातले काही जण शनिवारी येऊ शकतात, मानधनाशिवाय. मात्र आम्हाला कायमच्या शिक्षकाच्या जागी धरू नये.

या विषयांसाठी निदान एक पद नियमित भरावे. ते होईपर्यंत लेक्चर बेसिसऐवजी पूर्ण वर्षाचा करार द्यावा.

लॅबमध्ये हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना घ्यावा. महिन्याला सगळ्या तारखा असाव्यात, एवढी साधी मागणी आहे.

अभ्यास मंडळाच्या त्या बैठकीचे इतिवृत्त आणि प्रशिक्षण कंपनीशी झालेला करार, फीच्या आकड्यासह, फलकावर आणि संकेतस्थळावर लावावा.

इंटर्नशिपच्या जागी शिक्षकाने एकदा तरी जाऊन यावे आणि त्याची नोंद गुणांत यावी. जागा शोधायला आम्ही मदत करू. फोंड्याच्या सहकारी सोसायट्यांपासून वेर्णेच्या औषध कंपन्यांच्या गोदामांपर्यंत आमच्या ओळखी आहेत.

वरचे सगळे अमान्य असेल, तर पदवीच्या नावातून 'बिझनेस' हा शब्द काढावा आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात तसे ठळक छापावे.

प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी आपण आम्हाला भेटीची वेळ द्यावी. विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी असे आम्ही मोजके लोक येऊ, घोषणा देणार नाही. भेट शक्य नसेल तर लेखी उत्तर पाठवावे. ते एक शब्दही न बदलता याच ठिकाणी प्रसिद्ध करू.

आपली,
संगणक विभागाची एक माजी विद्यार्थिनी
डिचोली